पहिले सात सेकंद

सगळे हसले तेव्हा मीही हसलो, आणि बरोबर जागेवर हसलो. क्षणभर आधी नाही, क्षणभर नंतर नाही. चौतीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचलेल्या माणसाकडून निदान एवढी अपेक्षा असते. लंडनमधल्या आमच्या केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या एका खोलीत आम्हा बावीस जणांना सक्तीने बसवलं होतं. विषय होता, देशातल्या सगळ्या बोलींना रेडिओवर मान. आपल्या श्रोत्यांतले बहुसंख्य लोक आपल्यासारखे बोलत नाहीत, असा शोध वरच्या मजल्यावर अलीकडे लागला होता. शोध लागायला सत्तर वर्षं लागली, पण लागल्यावर परिपत्रक मात्र पंधरा दिवसांत निघालं. शिकवायला निकोला रिडली होती, उत्तरेकडच्या संडरलंडची, वय एकोणतीस. तिला तिच्या बोलण्यासाठीच नोकरीत घेतलं होतं, आणि महिन्यातून एकदा तिचे साहेब तिला बोलावून सांगत की हल्ली तू फार गुळगुळीत होत चालली आहेस, थोडं गाव वाढव. मीठ वाढवावं तसं. हे तिने मला लिफ्टमध्ये सांगितलं होतं, आणि मी मजल्याचं बटण पुन्हा दाबलं होतं.

"ही टेप सदुसष्ट सालची," निकोला म्हणाली. "जुन्या प्रशिक्षण विभागाच्या कपाटात सापडली. गंमत म्हणजे तेव्हा ती नवशिक्यांना चांगलं उदाहरण म्हणून ऐकवायचे." तिने बटण दाबलं. आधी विटांच्या घुमटात असते तशी पोकळ खरखर, आणि मग एका माणसाचा जाड, धुळीचा, हसू दाबलेला आवाज. "डोक्यावर कसं पेलायचं म्हनतोस? सांगतो की. टोपीच्या आत चुंबळ असते. आता ती चुंबळ कशाची, तर..." इथे तो आवाज खाली गेला. दोर सैल सोडल्यावर विहिरीत पोहरा जातो तसा खाली, खाली, आणि तळाशी गेल्यावर तिथेच हिंदकळत राहिला. वरून एक तरुण, इस्त्रीचा आवाज आला. "श्री. टनिक्लिफ यांनी असं सांगितलं, की मस्तकाच्या रक्षणासाठी कामगारवर्ग एका साध्या घरगुती साधनाचा उपयोग करीत असे."

हसले ते इथे. मीही इथेच हसलो. खेळाच्या बातम्या देणारा जेरल्ड मागे वळून म्हणाला, "रेमंड, हा तू का रे?" मी म्हणालो, "दुर्दैवाने." त्यावर पहिल्यापेक्षा मोठा हशा झाला. निकोलाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिला माहीत नव्हतं, डबीवर नाव नव्हतं, तिने मनापासून माफी मागितली. मग वातावरण हलकं करावं म्हणून तिने विचारलं, "आणि हा टनिक्लिफ कोण होता?" खोलीतले एकवीस चेहरे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "भट्टीवरचा एक कामगार." चॅपेलच्या रविवारच्या शाळेत आम्हाला एक गोष्ट सांगत, की आपल्या माणसाची ओळख नाकारली की तिसऱ्या वेळी कोंबडा आरवतो. माझी ही दुसरी वेळ होती. तशीही दुपारचे अडीच वाजले होते, आणि केंद्रात कोंबडे पाळत नाहीत. भिंतीतल्या जाळीतून गार हवा येत राहिली, कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला, आणि निकोलाने दुसरं उदाहरण लावलं. ते कॉर्नवॉलच्या एका मेंढपाळाचं होतं. त्यालाही लोक हसले. मी या वेळी हसलो की नाही ते आठवत नाही.

माझं रेडिओवरचं नाव रेमंड क्लिफ. जन्माचं नाव रेमंड टनिक्लिफ. आडनावाचा पुढचा भाग मी पासष्ट साली कापला. टेपवरचा खोकला कापावा तितक्या सहज, तिरक्या छेदाने, जोड कळू नये असा. आमचं गाव स्टोकच्या बाजूचं, मातीच्या भांड्यांचं. तिथे टनिक्लिफ प्रत्येक गल्लीत दोन आहेत, पण लंडनला ते आडनाव उच्चारताना लोकांच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हलायचं. भरती करणाऱ्या समितीने मला आवाज उत्तम आहे असं सांगितलं आणि तो कुठून येतो ते कळता कामा नये असंही सांगितलं. मग मिस एमरी नावाच्या बाईंकडे आठवड्यातून तीनदा जायचं. त्या पुढच्या दातांमध्ये बाटलीचं बूच धरायला लावत आणि बूच धरून राजघराण्याच्या दौऱ्याच्या बातम्या वाचायला लावत. गवताला आणि अंघोळीला जे इंग्रजी शब्द आहेत त्यांतला स्वर आमच्याकडे आखूड; लंडनचा लांब. तो लांबवायला मला तीन महिने लागले. बसमध्ये वरच्या मजल्यावर बसून मी बूच तोंडात धरून गवत, अंघोळ, गवत, अंघोळ म्हणत असे, आणि शेजारची माणसं जागा बदलत. वाईट एवढंच की काम चोख झालं. काढलेला मळ निदान बादलीच्या पाण्यात दिसतो. माझा गेला तो कुठे गेला हेही कळलं नाही.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात शेवटच्या कोळशाच्या भट्ट्या विझत होत्या. आमचे संपादक होते मिस्टर प्रिडो. त्यांनी मला त्यावर चार मिनिटांचा वृत्तांत करायला पाठवलं, कारण मी 'त्या बाजूचा कुठलातरी' आहे अशी त्यांना अंधुक शंका होती. मी मुद्दाम आमच्या गल्लीपासून लांबचा कारखाना निवडला. तिथला मुकादम म्हणाला, आमच्याकडे बोलणारा कुणी नाही, सगळे मुके आहेत. पण दुसऱ्या एका कारखान्यातला एक गडी आज मदतीला आलाय, इनॉक म्हणून, त्याला विचारा, तो दगडालाही बोलतं करतो. भट्टीच्या दारातून इनॉक बाहेर आला. माझे वडील. डोक्यावर भाजक्या मातीची जाड पेटी, जिच्यात कपबश्या रचून भट्टीत ठेवतात. हात मोकळे, मान ताठ, चाल एखाद्या बिशपसारखी. मला पाहून त्यांनी पेटी उतरवली, टोपी काढली, केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे न पाहता माझ्या खांद्यावरच्या यंत्राकडे पाहिलं. ते नवं होतं. हिरव्या चामड्याचं. "हे होय ते," ते म्हणाले. मुकादमाला त्यांनी माझी ओळख सांगितली नाही. मी सांगेन म्हणून ते थांबले असावेत. मी मायक्रोफोनची वायर सोडवत होतो. वायर फार गुंतली नव्हती.

ते अकरा मिनिटं बोलले. त्या अकरा मिनिटांतलं आज मला जवळजवळ काही आठवत नाही, आणि हे मी केलेल्या सगळ्यांत वाईट आहे की नाही हे मला ठरवता आलेलं नाही. चुंबळीचं तेवढं आठवतं. भट्टी भरणारे गडी टोपीच्या आत बायकांच्या जुन्या मोज्यांची वळी करून घालत, त्यावर पेटीचा भार बसे. बाबा ते रंगवून सांगत होते. एल्सीचे मोजे, म्हणजे आईचे, एकतीस वर्षं डोक्यावर घेतले, म्हणाले. लोकांना वाटतं बाई डोक्यावर बसलीय, तर खरंच बसलीय, आणि तिच्या मोज्यांएवढी मऊ वस्तू या गावात दुसरी नाही, हे मी पाद्र्यासमोरसुद्धा सांगीन. भट्टीच्या घुमटात त्यांचं हसू फिरून परत आलं. मी यंत्राच्या काट्याकडे बघत होतो. काटा लाल पट्ट्यात जात होता. आईचे मोजे आता कोट्यवधी लोकांच्या स्वयंपाकघरात जाणार, या विचाराने माझ्या मानेवर घाम आला होता, आणि मी पुढचा प्रश्न कोळशाच्या प्रतीबद्दल विचारला.

लंडनला मिस्टर प्रिडोंनी डोळे मिटून टेप ऐकली. ते म्हणाले, "माणूस फार गोड आहे. पण कुठला आहे? नॉर्वेचा?" मग म्हणाले, श्रोत्यांना हे झेपायचं नाही, नेहमीचं करा. नेहमीचं म्हणजे असं होतं. परक्या भाषेतला माणूस असला की त्याचे पहिले सात सेकंद मोकळे सोडायचे. त्या सात सेकंदांत माणूस खरा आहे, आम्ही तिथे गेलो होतो, एवढं श्रोत्याला पटतं. ते पटलं की त्याचं काम संपलं. त्याचा आवाज खाली न्यायचा, वर आपला आवाज घालायचा आणि तो काय म्हणतो ते नीट भाषेत सांगायचं. रशियन सेनापती, काँगोतले मंत्री, पोपदेखील याच वाटेने गेले होते. इंग्रज माणसावर हे करायचा प्रसंग माझ्या माहितीत पहिला. "कोण हा?" प्रिडोंनी जाता जाता विचारलं. "एक कामगार," मी म्हणालो. ती पहिली वेळ. प्रश्न अवघड नव्हता. त्यांना नावाशी कर्तव्यच नव्हतं. मी 'माझे वडील' म्हणालो असतो तर ते म्हणाले असते, वा, मग आणखी गोड. हे मला तेव्हाही माहीत होतं.

टेपवर पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीने खुणा करून मी ब्लेड चालवलं. बाबांनी वाक्याची सुरुवात 'बदका' म्हणून केली होती. आमच्याकडे सगळ्यांनाच म्हणतात, दूधवाल्याला, न्यायाधीशाला, पोटच्या पोराला: ये बदका, बस बदका. ते 'बदका' मी कापलं. टेप सेकंदाला साडेसात इंच पळते. 'बदका' साडेतीन इंच भरलं. तपकिरी, चकचकीत, अगदी हलकं. बोटाला चिकटून बसलं होतं, ते झटकून टोपलीत टाकलं. मग सात सेकंद मोजले. साडेबावन्न इंच, म्हणजे चार फूट साडेचार इंच. बाबांची उंची पाच फूट साडेचार इंच होती. अचूक एक फूट कमी पडला. हा हिशेब मी त्याच वेळी केला होता, चिकटपट्टी शोधता शोधता, आणि मला तो मजेशीर वाटला होता. उरलेली टेप कोरी करून पुढच्या आठवड्यात तिच्यावर कुत्र्यांच्या प्रदर्शनाचा वृत्तांत घेतला. वृत्तांत चांगला झाला होता म्हणतात.

प्रसारणानंतरच्या रविवारी मी घरी गेलो. आईने ओटची धिरडी केली होती, आत चीज वितळवलेलं. बाबा टेबलाच्या टोकाला बसले, जेवणाआधी म्हणायचे ते प्रार्थनेचे दोन शब्द म्हणाले. ते म्हटल्याशिवाय आमच्याकडे काट्याला हात लावायची सोय नव्हती. मग ते म्हणाले, "ऐकलं आम्ही. बरं सांगितलंस. मी काय म्हनालो ते मलाबी कळलं." आवाजात काटा नव्हता. मी तो काटा बत्तीस वर्षं शोधतोय, नाही सापडत. सापडला असता तर बरं झालं असतं. फक्त त्या दिवसापासून बाबा माझ्याशी सावकाश बोलायला लागले. शब्द धुऊन, पुसून, एकेक टेबलावर मांडल्यासारखा. डॉक्टरशी बोलायचे तसे. मी बोलू लागलो की मान थोडी कलती करून ऐकायचे, मी संपवेपर्यंत थांबायचे. आधी आम्ही दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायचो. आमच्या घरात सगळेच तसे बोलतात, नाहीतर पाळी येत नाही. ते बंद झालं. मी टेलिफोन बसवून दिला तर त्यावर ते आधी आपलं पूर्ण नाव सांगत. पुढे छातीत धूळ साठून एक्याऐंशी साली ते गेले. शेवटच्या भेटीत ते मला म्हणाले, "तुला प्रवास त्रासाचा झाला नाही ना?" हे वाक्य इतकं शुद्ध होतं की मिस एमरींनी त्यात काही बदललं नसतं.

तर गेल्या फेब्रुवारीपासून आई जेवत नव्हती. ती पंच्याऐंशीची, गावातल्याच वृद्धाश्रमात, डोक्यातलं बरंचसं पुसलं गेलेलं. ताट समोर आलं की ती हात मांडीवर ठेवून बसे आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघे. इनॉक बोलल्याशिवाय कसं सुरू करायचं? माझी धाकटी बहीण ग्लेनिस रोज जायची. तिने चाळीस वर्षं कपांना सोनेरी काठ काढले, तिचा हात अजून हलत नाही. तिने सगळे उपाय करून पाहिले. तिच्या नवऱ्याने ते दोन शब्द म्हणून पाहिले, चॅपेलचे पाद्री आले, त्यांनी तर पूर्ण प्रार्थना म्हटली. आई म्हणाली, छान झालं, आता इनॉक. मग ग्लेनिसने मला फोन केला. तिचं म्हणणं, तुझा आवाज मुळात बाबांचाच आहे, वरचं जरा काढलंस की झालं. जणू साय होती. मी न्हाणीघरात दार लावून प्रयत्न केला. आखूड गवत, आखूड अंघोळ. बाहेर आला तो आवाज नाटकातल्या गावरान नोकराचा होता, जो पहिल्या अंकात ट्रे पाडतो. तरीही फोनवर तो आवाज काढून मी ते दोन शब्द म्हणालो. पलीकडे आईचा श्वास ऐकू येत होता. मग ती ग्लेनिसला म्हणाली, "हा कोन चेष्टा करतोय आपली?" दुसऱ्या दिवशी मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणून पाहिलं. आईने आभार मानले आणि विचारलं, बातम्या संपल्या का?

त्यानंतर ग्लेनिस म्हणाली, "तुम्ही रेडिओवाले सगळं जपून ठेवता म्हणे. बाबांचं काहीतरी असेल की. दोन शब्द चालतील, कुठलेपन. डॉक्टर म्हणतो असंच राहिलं तर जून काही दिसत नाय." मी म्हणालो, काही नाही उरलेलं. ते खोटं नव्हतं, मला तसंच वाटत होतं. मी जे कोरं करतो ते कोरं होतं याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. ते माझ्या आवाजामुळे कपाटात टिकून राहील, नमुना म्हणून, आदर्श म्हणून, हे मला सुचणं शक्य नव्हतं. बाबांचे सात सेकंद जगात उरले होते ते मी त्यांना किती सफाईने बुडवलं हे दाखवण्यासाठी.

प्रशिक्षण संपल्यावर मी निकोलाला गाठलं आणि त्या टेपची कॅसेटवर नक्कल मागितली. कशासाठी ते तिने विचारलं नाही, पण सांगण्यासाठी जागा ठेवून ती थांबली. चांगले मुलाखतकार थांबतात तशी. मी म्हणालो, निवृत्तीला एक वर्ष राहिलंय, आठवण म्हणून. तिने नक्कल करून दिली. तिच्या गोल अक्षरात डबीवरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं: नमुना चार, असं करू नये. मी ती चिठ्ठी नखाने काढायला गेलो तर अर्धीच निघाली. 'करू नये' राहिलं.

रविवारी दुपारी ग्लेनिस मला स्टेशनवर घ्यायला आली. मोटारीत बसलो तर तिच्या मांडीवर कागदात गुंडाळलेली धिरडी होती, गाडीभर चीजचा वास. मी कॅसेट तिच्या हातात दिली आणि सांगितलं. सगळं नाही. सात सेकंद आहेत, पुढे मी आहे, एवढंच. तिने 'करू नये' वाचलं, कॅसेट परत माझ्या हातात ठेवली आणि गाडी सुरू केली नाही.

"ते होय," ती म्हणाली. "तुला माहीत आहे का, त्या दिवशी आपल्या स्वयंपाकघरात अठरा माणसं होती? शेजारची बॉसन्सकाकू स्वतःची खुर्ची घेऊन आली. बाबांनी टाय घातला होता."

मी म्हणालो, टायचं माहीत नव्हतं.

"बाबा सुरू झाले आणि सगळे ओरडले. मग तू आलास. बाबांना वाटलं, रेडिओ सरकला. दुसरंच कुठलं स्टेशन मधे आलं. ते उठले आणि बटन फिरवायला लागले. इकडून तिकडे, तिकडून इकडे, शिट्ट्या, कुठलं तरी फ्रेंच गाणं. बॉसन्सकाकू म्हणते, डावीकडे घ्या इनॉक, डावीकडे. परत सापडलं तेव्हा हवामान चाललं होतं." तिने समोरच्या काचेवरून उगाच फडकं फिरवलं. "मग आईच म्हणाली, अरे, तो आपला रेमंड होता. बाबांनी टाय काढला आणि सगळ्यांना चहा दिला."

म्हणजे बाबांनी ते ऐकलंच नव्हतं. मी काय म्हणालो ते मलाही कळलं, असं ते त्या रविवारी धिरडी खाता खाता म्हणाले तेव्हा त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. ऐकायला मिळालेलं नव्हतं. ते वाक्य त्यांनी माझ्यासाठी तयार केलं होतं. नीट भाषेत. बत्तीस वर्षं मी ज्यात काटा शोधत होतो ते मुळात माझ्या अंगावर घातलेलं पांघरूण होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. स्टेशनसमोर एक जुनी भट्टी राखून ठेवली आहे, बाटलीच्या आकाराची, भोवती हिरवळ आणि माहितीचा फलक. फलकावरची भाषा टेपवरच्या माझ्या वाक्यासारखीच होती. ग्लेनिस म्हणाली, "आता रडू नकोस हां, आईला आवडत नाय." मी रडत नव्हतो. लाज वाटली की माझ्या डोळ्यांना काही होत नाही. मान गरम होते, भट्टीच्या दारात उभं राहिल्यासारखी, आणि आवाज मात्र स्वच्छ राहतो. हा माझ्या धंद्यातला गुण समजला जातो.

आई खिडकीजवळच्या टेबलाशी होती. लहान झाली होती. मनगटं धिरड्याच्या गुंडाळीएवढी. मी गालाचा मुका घेतला तर ती म्हणाली, "बस बदका," आणि मला वाटलं ओळखलं; पण मागून आलेल्या नर्सलाही ती तेच म्हणाली. ग्लेनिसने धिरडं कापून ताटात ठेवलं. आईने हात मांडीवर घेतले आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. कॅसेटचं यंत्र मी त्या खुर्चीवर ठेवलं. त्याहून बरी जागा सुचली नाही. आमच्या मागे कुणाचा तरी टीव्ही चालू होता, फुलझाडांचा कार्यक्रम. ग्लेनिस उठून त्याचा आवाज कमी करून आली. मी बटण दाबलं.

खरखर. घुमट. "डोक्यावर कसं पेलायचं म्हनतोस? सांगतो की." आईची मान वर झाली. चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता. उशीर करणाऱ्या माणसाकडे बघतात तसं ती खुर्चीकडे बघत होती. "टोपीच्या आत चुंबळ असते. आता ती चुंबळ कशाची, तर..." आणि मी आलो. मस्तकाच्या रक्षणासाठी. कामगारवर्ग. मी बटणाकडे हात नेला होता, पण आई बोलायला लागली म्हणून तो तिथेच राहिला. ती माझ्या आवाजावर बोलत होती. सरळ त्याच्यातून, पलीकडे, खाली, विहिरीच्या तळाशी जिथे ते अजून हिंदकळत होते तिथे.

"मोज्यांचं नको सांगू लोकांना," आई म्हणाली. "इनॉक. लाज आन जरा." तिच्या गालावर दोन ठिकाणी रंग आला होता.

मी कान लावून ऐकलं. चौतीस वर्षं कान तयार केलेला माणूस आहे मी. माझ्या स्वच्छ आवाजाखाली मला फक्त गुरगुर ऐकू आली, भिंतीपलीकडे कुणी फर्निचर सरकवावं तशी. आईला शब्द ऐकू येत होते. की तिला ते आधीच माहीत होते, एकतीस वर्षं दर रविवारी पाहुण्यांसमोर ऐकलेले? ती मान हलवत होती, एकदा हसली, एकदा 'खोटं' म्हणाली. आणि वरून तो तरुण माणूस बोलतच होता, भट्टीचं तापमान, उत्पादनाचे आकडे. कुठेही अडखळत नव्हता. शेवटी आईच्या कपाळावर आठी आली. तिने हात उचलला आणि हवेत, खुर्चीच्या दिशेने, अंगठा आणि दोन बोटं हळूहळू फिरवली. डावीकडे.

"बटन फिरव की, बदका," ती मला म्हणाली. "मधीच दुसरं कोन तरी घुसलंय."

मी यंत्र बंद केलं. टेप मागे घेतली. माझ्या सबंध नोकरीत मला एक गोष्ट सगळ्यांपेक्षा चांगली येत होती: दुसरा बोलत असताना कुठे शिरायचं. घड्याळाकडे न बघता सात सेकंद मला कळतात, श्वासाने कळतात. आता तेच उलट करायचं होतं. बटण दाबलं, बाबा बोलले, 'तर' आलं, आणि मी शिरायच्या आत मी मला बंद केलं. मागे घेतलं. पुन्हा लावलं. डोक्यावर कसं पेलायचं म्हनतोस. सांगतो की. तिसऱ्यांदा 'तर' झाल्यावर आईने काटा उचलला, धिरड्याचा तुकडा तोडला आणि तोंडात घातला. ती सावकाश चावत होती. ग्लेनिसने माझ्या बाहीला धरलं होतं, सोडत नव्हती.

तुकडा गिळून झाल्यावर आईने विचारलं, "मगाशी कोन होता तो? मधे बोलनारा?"

"कुनी नाय, आई," मी म्हणालो. "तू खा."

ग्लेनिसने झटकन मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते मला लगेच कळलं नाही. माझं लक्ष टेपकडे होतं. ती मागे जाऊन थांबली होती. मी पुन्हा लावली.